भिषङ्माता वासा : वैद्याच्या परसातील अडुळसा

शार्ङ्गधर संहितेच्या पूर्वखंडात, पहिल्याच अध्यायात, द्रव्यग्रहणाचे सामान्य नियम आले आहेत. द्रव्य आर्द्र घ्यावयाचे असल्यास शुष्क द्रव्याच्या दुप्पट घ्यावे, हा त्यांतील एक नियम आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केलेला आहे. त्याला लागूनच आलेल्या अपवादाकडे मात्र पुढे व्यवहारात फारसे लक्ष राहत नाही. गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही द्रव्ये नेहमी आर्द्रच वापरावीत आणि तरीही त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असे आचार्य सांगतात. या यादीतील शतावरी किंवा अश्वगंधा ओली मिळविणे आज अनेकांना अवघड आहे, हे मान्य करावे लागेल. वासा, म्हणजे आपला अडुळसा, याबाबत तशी सबब सांगता येत नाही. कुंपणाच्या कडेला, फारशा देखरेखीवाचून, कमी पाण्यावर वर्षानुवर्षे तग धरणारे हे झुडूप आहे. असे असूनही आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात वासा असते ती बरणीतील कोरड्या चूर्णाच्या रूपात, तीही केव्हा तोडलेली व कोठून आलेली याचा पत्ता नसलेली.

भारतीय आयुर्वेदीय भेषजसंहितेने वासापत्राचे ग्रहण आर्द्र व शुष्क अशा दोन्ही रूपांत मान्य केले आहे. तेव्हा शुष्क वासा वापरणे अशास्त्रीय आहे, असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु आर्द्र द्रव्य सहज उपलब्ध होऊ शकत असताना ते न वापरणे हा निव्वळ आळस होय, असे माझे स्पष्ट मत आहे. रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिले तरी पाने वाळताना व साठवणीत ती आहेत तशी राहत नाहीत. वासेतील प्रमुख क्षाराभ म्हणजे वासिसिन. हवेच्या संपर्काने त्याचे ऑक्सिडीकरण होऊन वासिसिनोन बनते. यावरून ओले श्रेष्ठ व कोरडे कनिष्ठ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ओली वासा आणि शुष्क वासा ही घटकांच्या दृष्टीने तंतोतंत एकच द्रव्ये नाहीत, एवढे मात्र त्यावरून निश्चित म्हणता येते.

भावप्रकाशात वासेच्या पर्यायनामांत भिषङ्माता हे नाव आले आहे. वैद्याची माता हा मान द्रव्यगुणशास्त्रात सहजासहजी कोणाला मिळत नाही. रक्तपित्तात वासा श्रेष्ठ, असा निर्वाळा वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील शेवटच्या अध्यायात दिला आहे. तिक्त-कषाय रस, शीत वीर्य, कटु विपाक, लघु-रूक्ष गुण आणि कफपित्तशामक कर्म हे सर्व आपणांस ज्ञात असल्याने त्याची पुनरुक्ती करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो ही माता घरी कशी आणावी, तिची ओळख कशी पटवावी आणि कोल्हापूरच्या हवापाण्यात ती जगवावी कशी, हा.

ओळख : प्रथम हे, मग लागवड

लागवडीच्या आधी ओळखीचा प्रश्न येतो, कारण चुकीचे झाड लावले तर पुढील सर्व खटाटोप व्यर्थ आहे. बाजारात वासापत्र म्हणून महारुखाची पाने मिसळलेली आढळतात. या भेसळीचे एक कारण लबाडी हे असेल, पण दुसरे कारण भाषेत आहे. गुजराती भाषेत वासेला अरडूसी म्हणतात आणि महारुखाला अरडूसो. एका मात्रेच्या फरकाने झुडपाचा उंच वृक्ष होतो. वाळलेल्या पानांचा चुरा पोत्यात भरून आला की हा फरक डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य होते. केरळात तर अडलोडकम नावाने दोन वनस्पती प्रचारात आहेत. थोर पानांची ती आपली वासा, आणि लहान पानांची त्याच कुळातील दुसरी जाती. तेथील वैद्य या लहान जातीला विशेष मान देतात. तो त्यांच्या परंपरेचा भाग आहे व त्यास भेसळ म्हणणे योग्य होणार नाही. मात्र केरळीय ग्रंथातील पाठ वाचून आपण तो योग करावयास घेतला, तर त्यातील वासा कोणती, हे विचारून घ्यावे.

आपल्याकडील रोपवाटिकांत आणखी एक घोटाळा होतो. काळा अडुळसा या नावाने मिळणारे झुडूप निराळे आहे. त्याचे खोड जांभळट काळसर, पाने अरुंद व निमुळती असतात. तेही याच कुळातील आहे व त्याला स्वतःचे औषधी उपयोग आहेत, पण ते वासा नव्हे. केवळ अडुळसा हा शब्द ऐकून रोप घेतल्यास हेच रोप घरी येण्याचा संभव असतो.

खऱ्या वासेची लक्षणे अशी. पाने समोरासमोर, साधी, भाल्याच्या आकाराची, टोकदार, साधारण १० ते २० सेंटिमीटर लांब. पानाची कड अखंड असते, तिला दाते नसतात. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना आठ-दहा उपशिरा स्पष्ट दिसतात. फांदीची पेरे किंचित फुगलेली असतात. पान चुरगळल्यास एक विशिष्ट उग्र वास येतो आणि चघळल्यास कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. याउलट महारुखाचे पान संयुक्त असते. एका लांब दांड्यावर अनेक पर्णिका, त्यांची कड वेडीवाकडी दातेरी आणि तळ दोन्ही बाजूंना असमान. झाडावर असताना दोहोंत गफलत होणे शक्यच नाही. म्हणूनच झाड डोळ्यांसमोर असणे हीच ओळखीची सर्वोत्तम परीक्षा होय.

फुले आली की शंकेला जागाच उरत नाही. हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांकडे दाट कणसासारखे तुरे येतात. प्रत्येक फुलाला हिरव्या छदाचा आधार असतो. पांढऱ्या पाकळ्यांचे दोन ओठ फाकलेले असतात व खालच्या ओठावर जांभळट गुलाबी रेषा असतात. सिंहास्य हे नाव या उघड्या मुखावरून पडले. वाजिदंत म्हणजे घोड्याचे दात, हेही नाव फुलाच्या रूपावरूनच आलेले आहे. निघंटुकारांनी दिलेली पर्यायनामे म्हणजे वनस्पती ओळखण्याच्या खुणाच होत, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने पौष-माघात फुललेल्या अडुळशापुढे पाच मिनिटे उभे राहावे. काळे भुंगे या फुलांवर सारखे येत असतात. फुलाच्या देठाकडील मध चोखण्याचा नाद ज्यांना बालपणी होता, त्यांना ही खूण वेगळी सांगावयास नको.

वनस्पतिशास्त्रात आज या झाडाला जस्टिसिया अधाटोडा म्हणतात. जुन्या ग्रंथांतून ते अधाटोडा वासिका या नावाने येते. यातील अधाटोडा हा शब्द तमिळ आडातोडै यावरून घेतला असून शेळी ज्याला शिवत नाही ते, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ही शेळीची साक्ष लागवडीच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ज्या झुडपाला जनावर तोंड लावीत नाही, त्याला कुंपण लागत नाही. उलट तेच कुंपण होऊ शकते. आपल्याकडे खेड्यांतून परसाच्या कडेला अडुळसा दिसतो तो बहुधा याच कारणाने.

कोल्हापुरात ते मरते कधी?

कमी पाण्यावर जगणारे झाड म्हटले की लावणाऱ्याचे सारे लक्ष उन्हाळ्याकडे असते. आटपाडी, जत, माण, खटाव या भागांतील वैद्यमित्रांपुरते ते बरोबर आहे. तेथे चैत्र-वैशाखात अडुळशाची पाने मरगळतात, खालची गळून पडतात, कधी फांद्याही वाळतात. तरी बुंध्यात जीव असला की पहिल्या वळिवानंतर तळापासून नवे धुमारे फुटतात. दुष्काळ सोसणे म्हणजे हिरवेगार राहणे नव्हे, तर पाने टाकून जीव राखणे आणि पाणी मिळताच पुन्हा उभे राहणे. ज्यांनी हे पाहिलेले नाही, ते वैशाखात पाने झडलेले झुडूप मेले समजून उपटून टाकतात. असे झुडूप उपटण्यापूर्वी नखाने बुंध्याची साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असल्यास झाड जिवंत आहे, असे समजून पावसाची वाट पाहावी.

कोल्हापूर जिल्ह्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. येथे अडुळसा उन्हाळ्यात क्वचितच दगावतो. तो दगावतो आषाढ-श्रावणात, मुळाशी पाणी तुंबल्याने. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांत पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडे हातकणंगले, शिरोळकडे जाता जाता तो फार कमी होतो. पण पूर्वेकडची जमीन खोल, काळी व चिकण असल्याने तेथेही पाणी लवकर जिरत नाही. त्यात पंचगंगा व कृष्णेचे पाणी पसरते. सन २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या वस्त्यांतील परसबागा अनेक दिवस पाण्याखाली होत्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. इतके दिवस मुळे बुडाल्यावर कोणत्याही उपायाने अडुळसा वाचण्याची आशा धरू नये. मात्र पूर न येताही, नुसत्या झडीने, घराच्या पन्हाळीखाली किंवा नळाच्या कोंडाळ्याशेजारी लावलेली झुडपे कुजतात. पाने पिवळी पडून गळू लागतात. ते पाहून घरची मंडळी पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतात, आणि उरलेसुरले मूळही कुजते.

पश्चिमेकडील पन्हाळा, भुदरगड, आजरा या भागांत जांभ्याची निचऱ्याची जमीन आहे. तेथे पाऊस कितीही पडला तरी उतारावर पाणी ठरत नाही, त्यामुळे अडुळसा छान वाढतो. तात्पर्य, आपल्या जिल्ह्यात जागा निवडताना पाणी कोठून येईल यापेक्षा ते कोठून जाईल हे आधी पाहावे. पावसाळ्यात एकदा मोठी सर येऊन गेल्यावर अंगणात फिरून यावे. जेथे तासाभरानंतरही पाणी साचलेले दिसेल, ती जागा अडुळशासाठी बाद समजावी.

काळ्या जमिनीत लावणे भागच असेल तर वरंबा करावा. साधारण दीड-दोन फूट रुंद व फूटभर उंच वरंबा पुरतो. त्यात निम्मा मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी, थोडे चांगले कुजलेले शेणखत घालावे आणि रोप वरंब्याच्या माथ्यावर लावावे, दोन वरंब्यांमधील सरीत नव्हे. बुंध्याभोवती आळे करण्याची आपल्याला सवय असते. अडुळशाला आळे उन्हाळ्यात ठीक, पण मृगापूर्वी ते मोडून बुंध्याशी माती उतरती करून घ्यावी. एवढ्या एका गोष्टीने निम्मी झुडपे वाचतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

छाट कलम

अडुळशाला आपल्याकडे बी फारसे धरत नाही, आणि धरले तरी बियांपासून रोपे करण्याची आवश्यकता नाही. छाट कलमाने तो सहज लागतो. ओळख पटलेल्या, निरोगी झुडपाची पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडावी. ती अगदी कोवळी हिरवी नसावी व पूर्ण लाकडीही नसावी. तिचे एक वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरचे, तीन-चार पेरे असलेले तुकडे करावेत. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरपा घ्यावा. त्यामुळे खालचे टोक कोणते, हे नंतरही ओळखता येते. उलट्या बाजूने रोवलेली छाटे लागत नाहीत आणि घाईत ही चूक पुष्कळांकडून होते. टोकाचे एखादे अर्धे कापलेले पान ठेवून बाकी पाने काढून टाकावीत. दोन पेरे मातीत जातील अशा बेताने छाट रोवून माती दाबून घ्यावी.

छाटांचा काळ म्हणून पुस्तकांतून पावसाळ्याचा आरंभ सांगितलेला असतो. कमी पावसाच्या भागात तो सोयीचाच आहे. कोल्हापूर शहर व पश्चिमेकडील तालुक्यांसाठी मात्र मी माघ-फाल्गुनाचा आग्रह धरीन. वाळू, माती व शेणखत समभाग भरलेल्या, तळाशी भोके पाडलेल्या पिशव्यांत छाटे लावून त्या झाडाच्या सावलीत ठेवाव्यात व माती ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे. सहा ते आठ आठवड्यांत मुळे धरतात. कोंब फुटला म्हणजे मूळ फुटले, असे नव्हे. छाटातील साठलेल्या अन्नावर कोंब आधी येतो, म्हणून कोंब दिसताच पिशवी फोडून पाहण्याचा मोह आवरावा. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळे डोकावू लागली की रोप तयार झाले.

अशी रोपे वळिवाच्या पावसावर, म्हणजे मेच्या अखेरीस किंवा मृग नक्षत्रात, कायमच्या जागी लावल्यास झडीपूर्वी ती थोडीफार रुळतात. तेवढा अवधी मिळाला नाही तर घाई करू नये. बेंदरानंतरच्या संततधारेत नवी रोपे जमिनीत घालण्यापेक्षा ती पिशवीतच वळचणीला राहू द्यावीत आणि गौरी-गणपतीच्या सुमारास, पावसाचा जोर ओसरल्यावर लावावीत. सुटे झुडूप हवे असल्यास दोन रोपांत मीटरभर, कुंपण करावयाचे असल्यास दीड ते दोन फूट अंतर ठेवावे.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. ‘दुष्काळातही जगणारे’ हा गुण मुळे खोल गेल्यानंतरचा आहे. पहिल्या वर्षीच्या रोपाला तो लागू करू नये. दुसऱ्या वर्षापासून पंधरवड्याला एक पाणी पुरते, आणि तेही न मिळाल्यास झाड बहुधा निभावून नेते. रासायनिक खताची गरज नाही. वर्षाकाठी पाटीभर शेणखत पुष्कळ झाले. भरपूर खत-पाणी दिलेल्या झुडपाची पाने मोठी व लुसलुशीत होतात खरी, परंतु मला ती वासाला व चवीला पातळ वाटतात. हे माझे निरीक्षण आहे, सिद्धांत नव्हे. तरीही औषधासाठी वाढविलेल्या झाडाला थोडे कष्टात ठेवावे, असे मला वाटते.

सदनिकेत राहणाऱ्यांनी चौदा-पंधरा इंची कुंडी घ्यावी. कुंडीतील झाड मात्र दुष्काळ सोसत नाही. त्याच्या मुळांना खोल जाण्यास वाव नसल्याने उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी द्यावेच लागते. गच्चीवर दुपारच्या उन्हात कुंडी तापते, तेव्हा ती पूर्वेकडे ठेवणे बरे. रहदारीच्या रस्त्याकडील कुंपणात धूळ व धूर पानांवर बसतात. अशा कुंपणातील पाने औषधासाठी घेऊ नयेत.

कीड-रोगाचा उपद्रव या झाडाला कमी होतो. क्वचित पानांवर ठिपके येतात किंवा कोवळ्या शेंड्यावर पिठ्या ढेकूण दिसतात. तो भाग कापून जाळून टाकावा. ज्या झाडाची पाने रुग्णाच्या पोटात जावयाची आहेत, त्यावर कीटकनाशक फवारू नये.

पाने केव्हा व किती

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात शाखा व पाने वर्षा आणि वसंत या ऋतूंत घ्यावीत असे सांगितले आहे. घरच्या अडुळशाला हा नियम छाटणीच्या दृष्टीनेही चपखल बसतो. फुले संपल्यावर वसंतात एक हलकी छाटणी करावी. तिच्यापासून मिळणारी पक्व पाने स्वच्छ, सावलीत वाळविण्यास योग्य असतात, कारण त्या काळी हवा कोरडी असते. अवलेह वा अरिष्टासाठी साठा करावयाचा तो याच पानांचा. वर्षा ऋतूतील पाने भरपूर मिळतात, पण आपल्याकडे तेव्हा ती वाळत नाहीत, बुरसटतात. म्हणून ती ताजीच वापरावीत. दैनंदिन गरजेसाठी मात्र कोणत्याही ऋतूत चार-सहा पाने तोडण्यास हरकत नसावी.

पान पूर्ण वाढलेले, गर्द हिरवे घ्यावे. शेंड्याकडील कोवळी पाने व बुंध्याकडील पिवळी पाने सोडून द्यावीत. एका वेळी झाडाची एक-तृतीयांशाहून अधिक पाने काढू नयेत. लावल्यापासून पहिले वर्षभर तोडणी करू नये. एका कुटुंबाला दोन-तीन झुडपे पुरतात. चिकित्सालयासाठी पंचवीस-तीस फुटांचे कुंपण असल्यास बाहेरून पाने आणण्याची वेळ सहसा येत नाही. फुलांचा गुलकंद करणाऱ्यांनी सर्व तुरे खुडून नेऊ नयेत. काही भुंग्यांसाठी राहू द्यावेत.

स्वरस का निघत नाही?

ताजी पाने हाती आली की पुढची अडचण येते. वासेची पाने कितीही कुटली तरी तुळशीप्रमाणे त्यांचा रस सुटत नाही. चोथाच हाती येतो. म्हणूनच शार्ङ्गधरांनी वासेचा पुटपाक सांगितला आहे. पाने वाटून त्यांचा गोळा करावा, तो वड, जांभूळ अशांसारख्या पानांत गुंडाळून बांधावा, वर मातीचा जाड लेप देऊन निखाऱ्यात ठेवावा. लेप लालसर झाला की काढून, निवल्यावर, आतील कल्क पिळून रस घ्यावा. हे करून पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांना तर एकदा तरी प्रत्यक्ष दाखवावे. रोजच्या व्यवहारात तेवढी सवड नसल्यास स्वच्छ धुतलेली पाने मोदकपात्रात दहा-बारा मिनिटे वाफवून, लगेच वाटून, फडक्यातून पिळावीत. रस चांगला निघतो. तत्त्व एकच आहे : उष्णतेने पान मऊ होऊन त्यातील रस मोकळा होतो. रस पूर्ण निवल्यावरच मध मिसळावा. गरम रसात मध घालू नये, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही, पण घरी करणाऱ्या रुग्णाला ते आवर्जून सांगावे. प्रौढांची मात्रा १० ते २० मिलिलिटर. रस रोज ताजा करावा. शीतकपाटात ठेवून चार दिवस पुरविणे म्हणजे ताज्या द्रव्याचा हेतूच घालविणे होय.

कोणाला देऊ नये

अडुळसा घरोघरी व्हावा असे म्हणताना ही बाजू सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे. अलीकडे तर ते अधिकच निकडीचे झाले आहे. सन २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने बालके दगावली. तेव्हापासून बाटलीतील औषध नको, घरचा अडुळसा सांगा, असे म्हणणाऱ्या माता चिकित्सालयात अधिक येऊ लागल्या आहेत. त्यांची भीती रास्त आहे. पण परसातील पान म्हणजे निर्धोक, हा समजही तितकाच चुकीचा आहे.

पहिली गोष्ट गर्भिणीची. वासिसिनवर जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात विस्तृत काम झाले आणि त्यात या द्रव्याचा गर्भाशयसंकोचक व गर्भपातकारक परिणाम दिसून आला. तेव्हा गर्भिणीस वासास्वरस देऊ नये. घरात झुडूप लावून देताना ही सूचना त्या घरातील सुनांच्या कानावर नेमकी पोहोचली आहे ना, याची खात्री करावी, कारण काढा करणारी सासू आणि तो घेणारी सून या वेगळ्या असतात.

दुसरी गोष्ट बालकांची. वर्षाआतील अर्भकाला मध देऊ नये, हे आधुनिक बालरोगशास्त्र बजावून सांगते व ते पाळावे. त्याहून मोठ्या मुलांतही मात्रा वैद्याने ठरवावी. साध्या सर्दी-खोकल्याची मुले पुष्कळदा ऊब, विश्रांती व पथ्य यांनीच बरी होतात. त्यांना औषधाची घाई नसते. घाई असते ती पालकांना. मूल धापा टाकत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध घेत नसेल तर अडुळसा शोधत बसू नये, रुग्णालयात न्यावे.

तिसरी गोष्ट दोषविचाराची. वासा रूक्ष व शीत आहे. कफज किंवा पित्तज कासात, दाट पिवळ्या कफात तिचा उपयोग उत्तम. पण कोरडी ढास लागणाऱ्या वातज कासात केवळ वासा दिल्यास कोरडेपणा वाढण्याचा संभव असतो. तेथे घृताची जोड हवी. अडुळसा खोकल्यावर, एवढे ज्ञान घरोघर आहे. कोणत्या खोकल्यावर, हे सांगणे आपले काम.

चौथी व सर्वांत गंभीर गोष्ट क्षयाची. दोन आठवडे वा अधिक काळ खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी करावी, असा राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा निकष आहे. वासेने कफ सुटतो, रुग्णाला हलके वाटते, आणि त्या हलकेपणात महिना-दोन महिने निघून जातात. तोवर घरातील इतरांना संसर्ग झालेला असतो. कफातून रक्त पडत असेल तर रक्तपित्तात वासा श्रेष्ठ हे सूत्र आठवणे योग्यच, पण त्याच दिवशी छातीचे क्ष-किरण चित्र व थुंकीची तपासणी सांगणे तेवढेच आवश्यक आहे. वासा सहायक म्हणून द्यावी. क्षयाची नियमित औषधे तिच्यासाठी थांबवू नयेत.

वासेचे गुण आधुनिक विज्ञानानेही नाकारलेले नाहीत. ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध वासिसिनच्या रेणूवरून बनविण्यात आले. कोविड काळात दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांत वासेचा फुप्फुसातील दाह व प्राणवायूच्या कमतरतेच्या दुष्परिणामांवर अनुकूल परिणाम नोंदविला व तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र हे प्रयोग उंदरांवरील आहेत, हे रुग्णांपुढे बोलताना विसरू नये. आपल्या द्रव्याचा अभिमान असावा, पण त्याच्या नावावर न झालेले सिद्ध करू नये.

छाटणीत निघालेल्या फांद्या फेकून न देता त्यांची छाटे करून पिशव्या भरून ठेवाव्यात व विश्वासू रुग्णांना, शेजारच्या शाळेला, गावच्या आरोग्य केंद्राला द्याव्यात. रोप देताना पिशवीला एक चिठ्ठी बांधावी. तिच्यावर अडुळसा हे नाव, समोरासमोरची अखंड कडेची पाने ही खूण, पाणी तुंबणाऱ्या जागी लावू नये ही सूचना, आणि त्याखाली ठळक अक्षरांत दोन ओळी असाव्यात : गर्भिणीने घेऊ नये, आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिल्यास किंवा कफात रक्त दिसल्यास घरी औषध करीत न बसता तपासणीसाठी यावे. शाईची अक्षरे पहिल्या पावसात धुऊन जातात, म्हणून चिठ्ठी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, पक्क्या शाईच्या मार्करने लिहावी.